बाळ बघायला दार्जिलिंगला

ओळखीत कुणाकडे बाळ झालं की आई लगेच बघायला जात नाही. "सव्वा महिना होऊ दे. बाळंतीण जरा सावरू दे," असं म्हणून ती झबल्याचं कापड आणून ठेवते आणि वाट बघते. त्यामुळे चिनूनं जेव्हा "मला रेड पांडाचं पिल्लू बघायचंय" असा धोशा लावला, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "किती दिवसांचं आहे?"

प्रश्न बरोबर होता, हे मला नंतर कळलं. मी मे महिन्याच्या सुट्टीत दार्जिलिंगला जायचं ठरवत होते. थोडं वाचल्यावर लक्षात आलं की रेड पांडाची पिल्लं जून-जुलैत जन्मतात आणि पुढचे साधारण नव्वद दिवस घरट्यातून बाहेरच पडत नाहीत. म्हणजे मे महिन्यात गेलात तर मोठे पांडे दिसतील, पिल्लू नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पाऊस, धुकं आणि दरडी. म्हणून 2024 ची दिवाळी धरली. नवऱ्याला रजा नव्हती. निघालो तिघी: मी, तिसरीतली चिनू आणि माझी आई, जिचं वय अडुसष्ट आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे गुडघ्यांचं ऐंशी.

दिवस पहिला, बुधवार

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. वेळेवर होतं आणि सँडविच महाग होतं. बागडोगऱ्याला उतरलो तर पुण्यापेक्षा जास्त उकडत होतं. आईनं घरूनच घालून आणलेला स्वेटर काढायला नकार दिला, कारण "आता वर थंडीच आहे ना".

गाडीवाला अंगानं आडवा, झुपकेदार मिशांचा माणूस. तिकडे वयानं मोठ्या पुरुषाला 'दाइ' म्हणतात, म्हणजे दादा. चिनूनं लगेच "दाई, दाई" सुरू केलं. आई काही केल्या तयार होईना. "मिशीवाल्या माणसाला दाई कसं म्हणू? आमच्या वेळी दाई बाळंतपणाला यायची." शेवटपर्यंत ती त्यांना "अहो ड्रायव्हर" म्हणाली आणि ते शेवटपर्यंत तिला "आमा" म्हणाले.

रोहिणीच्या रस्त्यानं वर चढताना तासाभरात हवा बदलली. चहाचे मळे संपले आणि कर्सियांगला छोट्या रेल्वेचा रूळ रस्त्याला येऊन भिडला. तिथून पुढे रूळ आणि रस्ता एकमेकांना इतक्या वेळा ओलांडतात की चिनूनं मोजायला घेतलं आणि चौदाव्यानंतर सोडून दिलं. रूळ दुकानांच्या इतका जवळून जातो की एका वाण्यानं लसणाची परडी रुळावरच वाळत टाकली होती.

कर्सियांगला मोमो खाल्ले. कोबीचे. आईनं खाण्याआधी एक उचलून उजेडात धरला आणि कळ्या मोजल्या. "सोळा. हात चांगला आहे बाईचा." उकडीचे मोदक करणाऱ्या बाईकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. सोबतची लाल चटणी मात्र फसवी असते. मुलांना बोटाच्या टोकावर घेऊन चाखायला द्या.

आणि तिथेच चहा पिताना दाइंनी विचारलं, "कल का क्या प्रोग्राम है, दीदी?"

"प्राणिसंग्रहालय," मी म्हटलं. "सकाळीच."

"कल तो बंद है ना. गुरुवार."

यात माझा शहाणपणा नडला. पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद. मुंबईची राणीची बागही बुधवारी बंद. म्हणून मी मोठ्या हुशारीनं बुधवार प्रवासात घालवला आणि गुरुवारी सकाळ मोकळी ठेवली. प्राणिसंग्रहालयांची सुट्टी देशभर बुधवारीच असते, असं मी मनाशी धरून चालले होते. दार्जिलिंगची गुरुवारी असते. हे लिहून ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

चिनू रडली नाही. सोनादापर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसली, ते रडण्यापेक्षा वाईट होतं. बाहेर बघण्यासारखंही काही नव्हतं. घूमच्या अलीकडे धुकं इतकं दाटलं की दाइंनी दिवे लावले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकली.

दिवस दुसरा, गुरुवार

आईनं पुण्याहून काय काय आणलं असेल? उटणं. मोती साबण. तिळाच्या तेलाची बाटली, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. आणि तीन कारीटं, प्रत्येकीला एक. पहाटे पाचला उठवलं. बाहेर नऊ अंश. होम-स्टेच्या गीझरमधून दीड बादली गरम पाणी आलं आणि मग त्यानं मान टाकली. पहिली बादली चिनूला, अर्धी आईला. माझं अभ्यंगस्नान कसं झालं ते विचारू नका. ज्यांना दिवाळीत तिकडे जायचंय त्यांनी आदल्या रात्रीच एक पातेलं पाणी तापवून मागा.

बाथरूमच्या उंबऱ्यावर आईनं डाव्या टाचेखाली कारीट फोडलं, त्या आवाजानं घराची मालकीण धावत आली. तिला सगळे 'दिदी' म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. आईनं तिला हिंदीत समजावलं, "नरकासुर था. अभी मर गया." दिदी गंभीरपणे खाली सांडलेल्या बियांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे आज कुत्र्यांचा सण."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. नेपाळी लोकांची दिवाळी म्हणजे तिहार. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. कुत्रा यमाचा दूत, म्हणून आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशी तिकडे कुकुर तिहार. दिदीचा काळा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा 'काले' अंगणात बसला होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, कपाळाला भलामोठा लाल टिळा लावला आणि समोर ताटलीत सेलरोटी ठेवली. सेलरोटी म्हणजे भिजवलेल्या तांदळाच्या घट्टसर पिठाचं गोड कडं, तळलेलं. पीठ हातातून धार धरून तेलात गोल सोडतात. पहिल्या प्रयत्नात कुणालाही जमत नाही, मला चौथ्यातही जमलं नाही. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. आईच्या मते घारगा आणि अनारसा यांच्या मधलं काहीतरी.

माझी आई आयुष्यभर कुत्र्यांना "हाड" याखेरीज काही बोललेली नाही. ती बराच वेळ कालेकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आज गुरुवार. दत्ताचा वार." आणि आत जाऊन निरांजन घेऊन आली. दत्ताच्या पायाशी असतात त्या चार कुत्र्यांतला एक असल्यासारखं तिनं त्याला ओवाळलं. काले निरांजनाकडे न बघता सेलरोटीकडे बघत होता. मग चकलीकडे. आईनं चकली मात्र दिली नाही, "भाजणीची आहे, त्याला बाधेल." ती दिदीला दिली, डबाभर.

त्या दिवशी चौरस्त्यावर गेलो तर भटकी कुत्रीसुद्धा हार घालून उन्हात पसरली होती. एकाच्या गळ्यात सहा हार. चिनूनं बत्तीस कुत्री मोजली आणि त्या नादात तिचा राग बराचसा उतरला.

दुपारी घूमपर्यंतची छोटी रेल्वे केली. 1881 सालची, दोन फूट रुंदीचा रूळ, जागतिक वारसा वगैरे सगळं खरं. पण वाफेच्या इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बसलात तर कोळशाची कणी डोळ्यांत जाणार हेही खरं. तिकिटं बरीच आधी काढावी लागतात. बतासियाच्या वळणावर गाडी दहा मिनिटं थांबते. समोर कांचनजंगा दिसतो म्हणतात. आम्हाला समोर एक पांढरी भिंत दिसली, धुक्याची.

परतल्यावर चिनू म्हणाली, "निदान बंद दार तरी बघून येऊ." चौरस्त्यावरून प्राणिसंग्रहालयापर्यंत रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, जाताना उतार, येताना तोच चढ. दारावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला बघून हात हलवला. चिनूनं त्याला थेट विचारलं, "रेड पांडा का बच्चा है क्या?" त्यानं आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. "साढ़े आठ बजे आओ. एकदम पहले. दस के बाद हल्ला होता है."

या सहलीतला सगळ्यात कामाचा सल्ला हाच.

दिवस तिसरा, शुक्रवार

साडेआठला पोचायचं ठरवून आम्ही दहाला पोचलो. आईचे गुडघे, चिनूचे मोजे, माझी कॉफी. कारणं सांगत बसत नाही.

पूर्ण नाव पद्मजा नायडू हिमालयन झूऑलॉजिकल पार्क. 1958 साली सुरू झालं. सरोजिनी नायडूंची मुलगी पद्मजा, बंगालच्या राज्यपाल होत्या, त्यांचं नाव 1975 मध्ये दिलं. साधारण सात हजार फुटांवर आहे आणि थंडीतल्या प्राण्यांसाठीच आहे. त्यामुळे इथे हत्ती, जिराफ शोधू नका. हिमबिबट्या, हिमालयातला लांडगा, काळं अस्वल, याक, ताहर, रंगीत तितर. आणि सगळं चढावर. व्हीलचेअर किंवा बाबागाडी ढकलणाऱ्याचा दम निघेल. आईला मी दर दोन पिंजऱ्यांनंतर बाकावर बसवत होते आणि ती प्रत्येक बाकावर कुणाशी तरी ओळख काढत होती.

हिमबिबट्या झोपला होता. पाठ आमच्याकडे, शेपूट पांघरुणासारखी नाकावर. अस्वल बसून स्वतःचे तळवे बघत होतं. चिनू कुठेच थांबेना.

रेड पांडाचं आवार उघडं आहे, भोवती कठडा, आत खरी झाडं, फांद्यांचे पूल आणि झाडावर लाकडी खोकी. पहिला पांडा दिसला तो एका फांदीवर पोट टेकून, चारही पाय खाली सोडून झोपलेला. वाळत घातलेल्या लोकरी टोपीसारखा. मांजरापेक्षा थोडा मोठा. शेपटी मात्र अंगाएवढी, तिच्यावर कडी.

एक राखणदार काका बांबूच्या जुड्या बांधत होते. चिनू कठड्याला चिकटली आणि तिनं तोच प्रश्न विचारला. काकांनी वरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"माउ अंदर है. बच्चा भी."

"माऊ?" चिनू माझ्याकडे वळली. "आई, ते हिला मांजर समजतात!"

काकांना मराठी कळलं नाही, पण चेहरा कळला. नेपाळीत जनावराच्या आईला माउ म्हणतात, त्यांनी सांगितलं. गाय असो, कोंबडी असो, पांडा असो, पिल्लाची आई ती माउ. चिनूला हे इतकं पटलं की तिथपासून रेड पांडाचं नाव माऊ झालं ते आजपर्यंत. त्याच भाषेत रेड पांडाला 'हाब्रे' म्हणतात, तेही काकांनीच सांगितलं.

काका बोलके निघाले. माउ सगळं बाळंतपण एकटी करते, बाप त्यात नसतो. जन्मलेलं पिल्लू सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आंधळं, राखाडी. डोळे उघडायलाच अडीच आठवडे लागतात, लाल रंग हळूहळू चढतो. आणि बाहेर गोंगाट वाढला की माउ पिल्लाला तोंडात धरून जागा बदलत राहते, या खोक्यातून त्या खोक्यात. "बहुत टेन्शन लेती है." म्हणून पैदाशीचं मुख्य केंद्र इथे नाहीच, ते गावाबाहेर तोपकेदाऱ्याला आहे आणि तिथे तुम्हाआम्हाला प्रवेश नाही. तिथल्या काही पांड्यांना पुढे नेपाळच्या सीमेवरच्या 'सिंगालिला' नावाच्या जंगलात सोडतात. सुरुवात 2003 साली दोन माद्यांपासून झाली, स्वीटी आणि मिनी. मिनी टिकली नाही. स्वीटीला जंगलात पिल्लू झालं.

"मिनीला काय झालं?" चिनूनं विचारलं.

"जंगल है," काका म्हणाले आणि जुडी उचलून आत गेले.

आम्ही थांबलो. अकरापर्यंत तिथे जत्रा झाली. शिट्ट्या, टाळ्या, "पांडा, ए पांडा". आणि मग मागून आवाज आला, "अहो, इकडे या, इथे काही नाहीये, झोपलंय नुसतं!" मराठी कानांना शंभर माणसांतून आपला आवाज ओळखू येतो. एकसारख्या टोप्या घातलेला तीसेक जणांचा ग्रूप होता. त्यातल्या एका काकांनी पांडा उठावा म्हणून जोरात टाळी वाजवली.

आई बाकावरून उठली. ऐंशीचे गुडघे विसरून.

"अहो, बाळंतिणीची खोली आहे ही. तुमच्या घरी सून बाळंत झाली तर दारात टाळ्या वाजवता का?"

टोप्या शांत झाल्या. टाळीवाले काका चष्मा पुसायला लागले. एक बाई पुढे आल्या, खोक्याकडे बघून हळू आवाजात आईला विचारलं, "कितवा महिना?"

"चौथा लागलाय."

"मग आता मान धरली असेल."

त्यांनी पाच मिनिटं आमच्याबरोबर वाट पाहिली, अगदी गुपचूप. मग त्यांच्या टूर मॅनेजरची शिट्टी वाजली आणि त्यांना चहाच्या मळ्याकडे नेलं गेलं.

साडेबाराला खोक्यातून एक शेपूट बाहेर आली. चार बोटं. हलली. आत गेली. आणि मग खालच्या दरीतून धुकं वर आलं, बघता बघता झाड गेलं, खोकं गेलं, कठडा तेवढा उरला. दोन तास उभं राहून आम्ही चार बोटं शेपूट पाहिली होती आणि तीही बहुतेक आईची.

त्याच आवारात वर गिर्यारोहण संस्था आहे, तिकीट एकच. तिथे तेनझिंग नोर्गेंची समाधी आहे. संग्रहालयात एक थोराड दुर्बीण ठेवली आहे, हिटलरनं नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान जुद्ध शमशेर यांना भेट दिलेली. जगात कुठली वस्तू कुठून कुठे जाते! एरवी मी तिथे तासभर रमले असते. पण चिनूनं फक्त एवढंच विचारलं, की यातून खोक्याच्या आतलं दिसेल का.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन. आईनं खिडकीत चार पणत्या लावल्या, पुण्याहून आणलेल्या, त्यातली एक फुटलेली होती ती डिंकानं चिकटवून. आठ वाजता खाली गाण्याचा आवाज. शेजारपाजारच्या मुली भैलो गायला आल्या होत्या, दारोदार जाऊन गातात, मग घरातले त्यांना तांदूळ, पैसे, सेलरोटी देतात. आपल्याकडे भोंडल्याला खिरापतीसाठी मुली जमतात तशीच गडबड आणि तसंच एकमेकींना ढोसणं. चिनू कधी त्यांच्यात जाऊन उभी राहिली कळलंच नाही. शब्द येत नव्हते, पण टाळी येत होती. आईनं प्रत्येकीच्या हातावर एक करंजी ठेवली. शेवटच्या दोघींना अर्धी अर्धी.

दिवस चौथा, शनिवार

आज खरं तर लामाहट्टा आणि चहाचा मळा असा बेत होता. तो मोडला. याबद्दल दाइंना थोडे पैसे द्यावे लागले, ते योग्यच.

पहाटे पाचला दिदीनं दार ठोठावलं. "निकला, निकला!" गच्चीवर गेलो. धुकं नाही, ढग नाही. दार्जिलिंगची घरं खाली अंधारात आणि त्यांच्या डोक्यावर, अपेक्षेपेक्षा कितीतरी उंच, आभाळात, कांचनजंगा. मी डोंगर क्षितिजावर शोधत होते आणि तो माझ्या नजरेच्या खूप वर होता. आधी टोकाला गुलाबी ठिपका, मग तो ओघळत खाली आला. टायगर हिलला जायला पहाटे साडेतीनला उठून गाड्यांच्या रांगेत बसावं लागतं, आम्ही ते टाळलं होतं. खोली घेताना उत्तरेकडे खिडकी किंवा गच्ची आहे का, एवढं विचारा.

आईनं हात जोडले. चिनूनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "छान आहे. आपण साडेआठला पोचणार ना?"

पोचलो. सव्वाआठला. दारावर तोच पहारेकरी, त्यानं चिनूला ओळखलं. आत शिरणाऱ्या आम्ही पहिल्या. आईला टॅक्सीनं दारापर्यंत आणलं होतं त्यामुळे गुडघ्यांत जोर होता. दव अजून गवतावर होतं. हिमबिबट्या आज जागा होता आणि कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारत होता. चिनू त्याच्याकडे न बघता पुढे गेली. भारतातले फार थोडे लोक हिमबिबट्याकडे अशी पाठ फिरवू शकत असतील.

कठड्यापाशी कुणीच नव्हतं. काका बांबू टाकून नुकतेच बाहेर येत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खोक्याकडे नाही, तर त्याच्या शेजारच्या जाड फांदीकडे मान केली.

माउ खाली उतरत होती. रेड पांडा खोडावरून डोकं खाली करून उतरू शकतो, मागचा घोटाच तसा वळतो. पाणी ओघळावं तशी ती आली, बांबूची एक डहाळी दोन्ही पंजांनी धरली आणि खाली बसून खायला लागली. पानं तोंडात आडवी घालून, कडेच्या दातांनी. आम्ही पानपट्टी खातो तशी.

मग वर काहीतरी खुडबुडलं.

पिल्लू खोक्याच्या तोंडाशी आलं. पहिल्यांदा दिसली ती कानांची पांढरी किनार. मग चेहरा, पांढरे गाल, आणि दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून तोंडाकडे आलेली लालसर काळी रेघ. एखाद्या बाळानं रडून काजळ गालभर ओघळू द्यावं, अगदी तशी. अंग कापसाच्या गाठोड्यासारखं फुगलेलं, पोट कोळशासारखं काळं, शेपटीवरची कडी अजून पुसट. त्यानं खाली बघितलं. आई डोकं खाली करून उतरली होती, म्हणून त्यानंही डोकं खाली केलं. मागचं बूड वर गेलं, तोल गेला, चारही पंजांनी खोडाला मिठी. तसंच थोडा वेळ लटकून राहिलं. मग उलटं फिरलं आणि पाठमोरं, माळ्यावरून शिडीनं माणूस उतरतो तसं, एक एक पाय चाचपत यायला लागलं. शेवटची दीड फूट उरली तेव्हा मागचा पाय खाली टेकायला जागा शोधत होता, ती त्याला सापडली. माउच्या तोंडावर.

माउनं खाणं थांबवलं नाही. पिल्लाचा पाय डोळ्यावर, तोंडात बांबूचं पान, ती तशीच चावत राहिली.

माझ्या शेजारी आईनं हुंकार भरला. "हं. सगळ्या आया सारख्याच."

पिल्लू जमिनीवर आलं, आईच्या तोंडातलं पान ओढलं, हुंगलं, टाकून दिलं. एक गळून पडलेलं पान हललं त्याला घाबरून मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, पुढचे दोन्ही हात वर. मोठं दिसण्यासाठी करतात तसं. कुणाला भीती वाटावी अशी ती आकृती नव्हती. आणि मग खालच्या रस्त्यावर पहिल्या बसचा हॉर्न वाजला. माउ उठली, पिल्लाला नाकानं ढोसलं, दोघं वर. खोक्यात जाताना पिल्लाची शेपूट बाहेर राहिली होती, ती एकदा हलली आणि आत गेली.

घड्याळात बघितलं तर सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. माझ्या मोबाइलमध्ये तीन फोटो आहेत, तिन्हीत फांदी छान आली आहे. चिनूनं फोटो काढलाच नाही, तिचे दोन्ही हात कठड्याला घट्ट होते.

"आजी, त्याला दृष्ट लागेल?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं. टाळीवाल्या काकांना आजीनं झापलेलं तिच्या डोक्यात असणार.

"नाही लागायची. तीट लावूनच जन्माला आलंय ते."

त्यानंतर आम्ही तिथेच कठड्याला टेकून उरलेला चिवडा खाल्ला, असं लिहायला आवडलं असतं. पण आत खाणं नेऊ नये, आणि कुणीही काहीही प्राण्यांना टाकू नये. बाहेर येऊन खाल्ला. पहारेकऱ्यालाही दिला. त्यात मुरमुरे कुठे आहेत असं त्यानं विचारलं, त्यावर आईनं पोह्यांचा चिवडा या विषयावर हिंदीत भाषण केलं.

जायचं असेल त्यांच्यासाठी, राहून गेलेलं थोडं. पिल्लाचा भरवसा नसतो, म्हणून प्राणिसंग्रहालयासाठी दोन सकाळी ठेवा आणि त्यांत गुरुवार येऊ देऊ नका. लहान दुर्बीण न्या. आम्ही नेली नाही आणि पहिल्या दिवशी हळहळलो. गडद, साधे कपडे, चपलेऐवजी बूट, कारण दव आणि चढ. फ्लॅश नको. मुलांना आधीच सांगून ठेवा की कदाचित झोपलेली पाठ तेवढी दिसेल. आणि पांडा म्हटल्यावर काळापांढरा चिनी पांडा समोर येत असेल, तर हे लक्षात असू द्या की नावाचा मान याचा आहे. याला शास्त्रीय नाव 1825 मध्ये मिळालं, त्या मोठ्याला 1869 मध्ये. दोघं जवळचे नातेवाईकही नाहीत, बांबू तेवढा समान.

संध्याकाळी माल रोडवर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खाल्ला. चिनूनं एका दुकानातून कापडी रेड पांडा घ्यायला नकार दिला. "डोळ्याखालची रेघ चुकलीय."

दिवस पाचवा, रविवार

निघताना दिदीनं सेलरोटीची चळत कागदात बांधून दिली आणि आईनं तिला मोती साबणाची उरलेली वडी. कालेच्या गळ्यात अजून हार होता, सुकलेला. त्यानं आईच्या पिशवीला नाक लावलं आणि यावेळी तिनं त्याला चकलीचा एक तुकडा दिला. "एवढ्यानं काही होत नाही," असं माझ्याकडे न बघता म्हणाली.

कर्सियांगच्या खाली मोबाइलला नीट रेंज आली आणि लगेच सांगलीच्या मावशीचा फोन आला. पाडवा गेला, भाऊबीज होती, सगळ्यांची चौकशी झाली. मग मावशीनं विचारलं असावं, कारण आई ताठ बसली.

"पाहिलं ना. हो, दोघंही सुखरूप. बाळ अगदी आईवर गेलंय." थोडा वेळ ऐकलं, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "अगं, जन्माच्या वेळी वजन किती म्हणाले होते ते?"

"सव्वाशे ग्रॅम."

"सव्वाशे ग्रॅम," आईनं फोनवर सांगितलं. "नाही गं, किलो कुठलं, ग्रॅम! आपल्या आमटीच्या डाळीएवढं."

पुढच्या सीटवरून दाइंनी आरशात बघून विचारलं, "आमा, किसका बच्चा हुआ?"